तीन वीत दोरा

सकाळी साडेदहाला निवटी गप्प बसली आणि रोहिदास तांडेलने हातातला कागद खाली ठेवला.

दुसऱ्या कुणाच्या घरात मांजर गप्प बसलं तर घरचे सुटकेचा सुस्कारा सोडतील. पण निवटी होती बेंगाल जातीची, कागदपत्रांसकट आलेली, दोन वर्षांची. अंगभर ठिपके आणि पायात भिंगरी. पहाटे पाचला ती पडदा धरून छतापर्यंत चढायची, कपाटाचं सरकतं दार पंजाने ढकलून आत कपड्यांत शिरायची, नळ जरा गळताना दिसला की त्याखाली डोकं घालून उभी राहायची. मांजराने पाण्याला भ्यावं असा रिवाज आहे, पण तो हिला कुणी सांगितलाच नव्हता. रोहिदासची सून अर्पिता हिने तिचं नाव मोका ठेवलं होतं. रोहिदासने पहिल्याच दिवशी तिला बादलीत उडी मारताना पाहिलं, खाडीच्या चिखलात टणाटणा उडणारा ठिपकेवाला मासा आठवला आणि तिला निवटी म्हणायला सुरुवात केली. मांजर दोन्ही नावांना ओ देत नसे, त्यामुळे वाद झाला नाही.

आता ती सोफ्याखाली पुढचे पाय पोटाशी घेऊन बसली होती. मान जराशी पुढे. मधूनच जीभ बाहेर काढून हवा चाटत होती. रोहिदासने हाक मारली, चुटकी वाजवली, शेवटी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. नळाच्या आवाजालाही ती आली नाही, तेव्हा तो खरोखर घाबरला.

त्याने वळून सोफ्याकडे पाहिलं. छत्रीची काडी सोफ्यावर पडलेली होती.

या काडीबद्दल घरात कुणाला ठाऊक नव्हतं. फ्रिजवर अर्पिताने मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, संध्याकाळी एक तास खेळवणे. दमल्यावरच खायला देणे. खिडकीच्या जाळीची कडी रोज बघणे. दूध नाही, कांदा-लसूण नाही. एकटं सोडू नये, कंटाळली की घर फोडते. आणि सगळ्यांत खाली लाल शाईने: दोरा, सुतळी, रबर, रिबन कुठेही पडू देऊ नये.

रोहिदासने कागद पाठ केला होता. पण अर्पिताने आणलेल्या पिसाच्या काठीला निवटी चार दिवसांत कंटाळली. या जातीचं तेच दुखणं, एक खेळ तिला फार दिवस पुरत नाही. ती नुसती बघायची आणि जांभई द्यायची. मग दुपारी रोहिदासने मोडक्या छत्रीची काडी घेतली, जाळं विणायचा नायलॉनचा दोरा दोन हात मोजून तोडला, एका टोकाला काडी आणि दुसऱ्या टोकाला जुनं जाळं तरंगतं ठेवणारा बोटभर लाल बोया बांधला. तो बोया हवेत फिरला आणि मांजर माणसाच्या छातीएवढं उंच उडालं. अर्ध्या तासात दमून लादीवर पसरलं. त्या दुपारी रोहिदास दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसला असेल.

खेळ झाला की तो काडी कपाटाच्या वर, पार मागे सरकवून ठेवायचा. आज खेळ चालू असताना बेल वाजली. सोसायटीचा माणूस पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस घेऊन आला होता. सही करायची, चष्मा शोधायचा, मग त्या माणसाने सानपाड्यातल्या जुन्या तळ्याचा विषय काढला, आणि त्या विषयावर रोहिदासकडे बोलायला पुष्कळ होतं. दहा मिनिटं गेली असतील.

काडीला वीतभर दोरा लोंबत होता. टोक चावलेलं. बोया टीव्हीखाली मिळाला. बोया रिकामा होता.

रोहिदास खाली बसला. दोन हात म्हणजे चार वीत. काडीवर राहिली एक. त्याने सोफा सरकवला, टीव्हीचं स्टँड ओढलं, निवटीच्या शी-शूच्या डब्यात हात घालून माती चाळली, गुडघ्यांवर रांगत सगळी लादी हाताने चाचपली. दोरा बारीक आणि पांढरा, लादीही पांढरी, म्हणून डोळ्यांवर भरवसा न ठेवता तळव्याने बघितलं. घरात दोऱ्याचा तुकडा नव्हता. उरलेल्या तीन विती कुठे गेल्या हे त्याला कळून चुकलं होतं, तरी तो आणखी एकदा रांगला.

मग त्याने निवटीला मांडीवर घेतलं. एरवी ती हातात ठरत नसे, आज तिने अंग सोडून दिलं. त्याने तिचा जबडा उघडला. जिभेच्या मुळाशी, एका बाजूला, पांढरं टोक दिसत होतं. नखभर.

त्याने ते चिमटीत धरलं आणि जरासं ओढलं. निवटी किंचाळली. असा आवाज तिच्या तोंडून त्याने कधी ऐकला नव्हता. गळ खोल गिळलेल्या माशाची दोरी ओढली तर काय बाहेर येतं ते त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. त्याने टोक सोडून दिलं आणि बायकोला फोन लावला.

शांती त्या वेळी बाजारात गिऱ्हाइकाला बोंबील साफ करून देत होती. तिने फोन खांद्यात धरला.

"अवो, काटा अरकला का आपुन काय करतू?" ती म्हणाली. "भाताचा गोला देतू ना? तिलाय द्या. जाईल खाली."

"काटा नाय शांते, दोरा हाय."

"दोरा तं मऊ असतो. द्या गोला, टेन्शन घेऊ नका. माज्याकडं गिऱ्हाईक हाय."

आता शहाण्या माणसाला वाटेल की हा काय उपाय. पण ज्या घरात दोन्ही वेळा मासे शिजतात, त्या घरात घशात काही अडकलं की हात आपोआप भाताच्या टोपाकडे जातो. रोहिदासला त्याच्या आईने भाताचा गोळा दिला होता, त्याने मुलाला, कल्पेशला, दिला होता, आणि कुणीही मेलं नव्हतं. शिवाय त्याला काहीतरी करायचं होतं. त्याने भातात बोंबलाचा उकडलेला तुकडा कुस्करला, लहान गोळा केला आणि निवटीच्या तोंडात सारला. तिने मोठ्या कष्टाने गिळला.

त्याने परत जबडा उघडून पाहिलं. टोक दिसत नव्हतं.

क्षणभर त्याला बरं वाटलं. मग निवटी उठली, दोन पावलं गेली आणि पाठीची कमान करून ओकली. भात पडला, पिवळा फेस पडला. दोरा पडला नाही. ती पुन्हा ओकली, आणि पुन्हा. आणि रोहिदासला समजलं की जे नखभर बाहेर दिसत होतं तेही आपण आपल्या हाताने आत घातलं आहे.

फोन समोर होता. अर्पिता ऐरोलीला ऑफिसात होती, कल्पेश द्रोणागिरीच्या गोदामात. फोन करायला दोन मिनिटं पुरली असती. त्याला पंधरा लागली.

भीती दोन्हीकडून होती, निवटीचीही आणि घरच्यांचीही. दोन वर्षांपूर्वी होडीत चक्कर येऊन तो पडला, तेव्हापासून घरच्यांनी त्याच्या हातातून एकेक गोष्ट प्रेमाने काढून घेतली होती. आधी होडी विकली. मग स्कूटरची किल्ली गेली. मग "बाबा, गॅसजवळ तुमी जाऊ नका" झालं. दूध आणायलासुद्धा वॉचमनच्या मुलाला सांगितलं जाई. अर्पिताने मांजर आणलं तेव्हा कल्पेश म्हणाला होता, "दिवसभर बघणार कोन? बाबांच्यानं व्हायचा नाय." आणि अर्पिता म्हणाली होती, "बाबाच बघणार. मला विचारलंस तर दुसऱ्या कुणाच्यानं व्हायचं नाही." हे त्याने आतल्या खोलीतून ऐकलं होतं. दीड वर्ष तो त्या वाक्यावर जगत होता. आता फोन करायचा म्हणजे ते वाक्य परत करायचं.

निवटी पाचव्यांदा ओकली. या वेळी फेसात लाल रेघ होती. त्याने फोन लावला.

"अर्पिता, मोकाला बरा नाय वाटत."

"काय झालं? काय खाल्लंय?"

"काय म्हायती," तो म्हणाला. ऐकताना स्वतःचाच आवाज त्याला अनोळखी वाटला. "ओकतेय. रगत आलाय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बाबा, नीट ऐका. तिला न्यायचा जाळीचा डबा दाराच्या मागे आहे. तिला आत ठेवा, रिक्षा करा आणि जुईनगरला डॉक्टर उन्नतीकडे जा. मी निघाले. पाणीसुद्धा देऊ नका."

रिक्षात त्याने डबा मांडीवर घेतला. एरवी या डब्यात घातलं की निवटी सगळ्या सेक्टरला ऐकू जाईल असं ओरडायची, डब्याची कडी आतून उघडायचा प्रयत्न करायची. आज आतून काही आवाज नव्हता. त्याने जाळीतून बोट घातलं. बोटाला ओलं नाक लागलं, गार. तो रिक्षावाल्याला दोनदा म्हणाला, "जरा बेगीन," आणि खड्डा आला की म्हणाला, "हलू." रिक्षावाल्याने आरशातून त्याचा चेहरा बघितला आणि तो खड्डे चुकवायला लागला.

डॉक्टर उन्नती तिशीची होती. तिने निवटीच्या पोटावरून हात फिरवला. निवटीने दात दाखवले.

"काका, काय खाल्लं असेल? नीट आठवा. यावरच सगळं आहे."

त्याच वेळी अर्पिता आत आली. केस सुटलेले, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. तिने आधी निवटीकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. सांगायचं तर आताच सांगायला हवं होतं आणि तिच्यासमोरच सांगायला हवं होतं.

"दोरा," तो म्हणाला. "जाल्याचा नायलॉन. मीच खेलन्याला बांधलेला. जिबेखाली टोक दिसत व्हता, मी ओढला, मंग सोडला. मंग भाताचा गोला दिला. आता टोक दिसत नाय."

अर्पिताने फक्त गळ्यातलं कार्ड काढून पर्समध्ये ठेवलं. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"किती लांब?" डॉक्टरने विचारलं.

"तीन वीत."

"अंदाजे?"

"अंदाज नाय. तीन वीत."

डॉक्टरने समजावलं. नायलॉन एक्स-रेत दिसत नाही. दोरा आतड्यात ताणला गेला की आतडं चुण्या घातलेल्या घागऱ्यासारखं गोळा होतं आणि दोरा ते कापत जातो. ओढला नाही पुढे, हे बरं केलंत, असं ती म्हणाली. भाताबद्दल ती काही म्हणाली नाही. आधी भूल देऊन घशातून दुर्बीण घालू, पोटात असेल तर तिथूनच निघेल.

बाहेर बाकावर सासरा आणि सून शेजारी बसले. मधे एक माणूस बसेल एवढी जागा होती. समोरच्या भिंतीवर एक गुबगुबीत पर्शियन मांजर चित्रात झोपलं होतं. तसलंच आणलं असतं तर बरं झालं असतं, असं रोहिदासच्या मनात आलं आणि लगेच त्याला त्या विचाराची शरम वाटली.

"फोनवर का नाही सांगितलंत?" अर्पिताने समोर बघत विचारलं.

"भ्यालो."

"मला?"

"व्हय."

पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आली. स्टीलच्या ट्रेमध्ये ओला दोरा होता. "निघाला," ती हसून म्हणाली. "पोटातच होता. नशीब चांगलं."

अर्पिताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रोहिदास उठला. त्याने न विचारता ट्रेमधला दोरा उचलला, सरळ केला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणून मोजला. मग पुन्हा मोजला. तिसऱ्यांदा बाकावर टेकवून मोजला.

"दीड वीत हाय," तो म्हणाला. "दीड अजून आत हाय."

"काका, उरलेला घरात पडला असेल. तिने तुकडे केले असतील. मी सोनोग्राफीही केली, आतड्यात स्पष्ट काही दिसलं नाही."

"घरात नाय."

"तुम्ही घाबरलेले होतात. राहून जातं."

रोहिदास घाबरलेला होताच. सकाळपासून त्याने एकही गोष्ट बरोबर केली नव्हती, आणि ही शिकलेली मुलगी सांगत होती की सगळं ठीक आहे, घरी जा. तिचं ऐकलं असतं तर आता घरी जाता आलं असतं. त्याने दोऱ्याची दोन्ही टोकं चिमटीत फिरवून पाहिली.

"गाठ कुठं हाय?" त्याने विचारलं.

"कसली गाठ?"

"बोया बांधलेली. बोया मिलाला तं रिकामा मिलाला, गाठ दोऱ्याबरोबर गेली. याचीं दोनी टोकां चावलेली हायेत. याला गाठ नाय." त्याने डॉक्टरकडे पाहिलं. "माजी गाठ सुटत नाय, बाय. चाळीस वर्सां बांधतोय."

डॉक्टरने ट्रे खाली ठेवला. आता ती हसत नव्हती. "आतड्यात असेल तर पोट उघडावं लागेल," ती अर्पिताला म्हणाली. "भूल अजून आहे, आत्ताच करता येईल. पण स्पष्ट सांगते. माझ्याकडे पुरावा नाही, फक्त काकांचं माप आहे. नसलाच दोरा, तर चांगल्या जनावराचं पोट उगाच फाडलं असं होईल. आणि थांबलो आणि असला, तर उद्यापर्यंत आतडं कापलं जाईल. सही तुम्हाला करायची आहे."

रोहिदास पुन्हा बाकावर बसला. बोलताना त्याला हे सुचलंच नव्हतं. आता त्याच्या एका वितीवर निवटीचं पोट उघडणार होतं. त्याने पुन्हा आठवून पाहिलं. दोरा तोडला तेव्हा दोन हातच होता ना? की दीड? काडीवर वीत राहिली होती की जास्त? होडीत पडला त्या दिवशीही त्याला वाटलं होतं की आपल्याला काही झालेलं नाही. डोक्यातलं माप पाण्यासारखं हलायला लागलं. त्याने डोळे मिटले आणि हातांना विचारलं. हात म्हणाले, दोन हात. सासऱ्याच्या, बापाच्या, त्याच्या स्वतःच्या जाळ्यांत कधी एक घर लहानमोठं झालं नव्हतं.

अर्पिता त्याच्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"बाबा, माझ्याकडे बघा. नक्की?"

त्याला वाटलं, काय म्हायती म्हणावं. सकाळी म्हटलं होतं तसं.

"नक्की," तो म्हणाला. "भ्यालोय. पन नक्की."

तिने उठून सही केली.

पुढचा सव्वा तास कसा गेला ते रोहिदासला नंतरही सांगता आलं नाही. शांती बाजारातून थेट आली, टोपली दाराबाहेर ठेवली आणि हाताचा वास येतो म्हणून लांबच उभी राहिली. "मीच गोला द्यायला सांगितला," ती अर्पिताला म्हणाली. कुणी न विचारता. आत काहीतरी धातूचं वाजलं की तिघांच्याही माना वळायच्या.

डॉक्टर आली तेव्हा तिने ट्रे रोहिदाससमोर धरला. दोरा लालसर झाला होता. एका टोकाला गाठ होती, घट्ट, जशी बांधली तशी. तिच्या मागचा फास चावून तोडलेला.

"मोजा, काका," ती म्हणाली.

त्याने हात पुढे केला, पण बोटं उघडेनात. अर्पितानेच दोरा उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवून त्याचीच बोटं ताणली. दीड वीत भरला. डॉक्टर म्हणाली, आतडं दोन ठिकाणी खरचटलंय, फाटलेलं नाही, अजून दोन दिवस तिच्याकडेच ठेवावं लागेल. रोहिदास हुंदके देऊन रडला, आणि शांतीने त्याला मासळीच्या हाताने धरलं.

तिसऱ्या दिवशी निवटी घरी आली. पोट भादरलेलं, टाके घातलेले, गळ्यात टाके चाटू नयेत म्हणून प्लास्टिकचं मोठं नरसाळं. दारातच तिने ते भिंतीवर आपटून फोडायचा प्रयत्न केला, म्हणजे जात जागेवर होती. रोहिदासला वाटलं, आता अर्पिता कुणी पगारी माणूस ठेवणार. कल्पेशने फोन फिरवायला सुरुवातही केली होती.

चौथ्या दिवशी अर्पिता ऑफिसला निघाली. दारात चप्पल घालताना म्हणाली, "राग गेलेला नाही माझा. जायला वेळ लागेल. औषध एकला आणि पाचला. उडी मारू देऊ नका." मग जिना उतरता उतरता थांबली. "आणि पुन्हा काही झालं तर पहिल्या मिनिटाला सांगायचं. मी ओरडले तरी."

ती गेली. दार लागलं. सोफ्यावर नरसाळ्यातून दोन पिवळे डोळे त्याच्याकडे बघत होते. रोहिदासला इतकी भीती वाटली की तो बराच वेळ उभाच राहिला. मग त्याने कामाला सुरुवात केली.

संध्याकाळी सातला अर्पिताने बेल वाजवली. रोहिदासने एका हाताने दार उघडलं. दुसऱ्या हाताने त्याने लेंगा कमरेशी गच्च धरला होता. मागे खोलीत पडद्यांच्या दोऱ्या गेल्या होत्या. कल्पेशच्या बुटांना लेस नव्हत्या. चार्जरच्या वायरी, शांतीच्या रिबनी, पिशव्यांचे बंद, देवघरातल्या वातींचा कापूस, त्याची जाळं विणायची लाकडी सुई, सगळं लोखंडी कपाटात कुलूपबंद होतं. निवटी सोफ्यावर नरसाळं उशीला टेकवून झोपली होती.

अर्पिताने खोलीभर पाहिलं. मग त्याच्या मुठीकडे.

"बाबा, नाडी?"

"कपाटात."

ती दाराला टेकली. तिला हसू आलं, आणि चार दिवसांचं सगळं त्या हसण्यामागून येऊन तिचे डोळे वाहायला लागले. पदराला हात जावा तसा तिचा हात ओढणीकडे गेला. तिची नजर ओढणीच्या काठाच्या गोंड्यांवर थांबली. तिने ओढणी उतरवून घडी केली आणि त्याच्या मोकळ्या हातात दिली.

"मोजून ठेवलीत?" तिने डोळे पुसत विचारलं. "नाडी?"

"तीन हात चार बोटं," रोहिदास म्हणाला. "दोनी टोकां जागेवर हायेत."